कौन्सिलची खुर्ची आणि श्रद्धेच्या कागदावरची सही

ताई, नमस्कार. आम्ही सिडनीच्या वायव्य भागात राहतो. मुलगी नववीत आहे, अँग्लिकन शाळेत, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या. माझे यजमान चार्टर्ड अकाउंटंट. शाळेच्या नव्या सभागृहासाठी निधी गोळा होतोय, त्याचे हिशेब ते दोन वर्षं हौसेनं बघतायत. गेल्या महिन्यात शाळेच्या कौन्सिलच्या, म्हणजे नियामक मंडळाच्या, अध्यक्षांनी त्यांना विचारलं, तुमचं नाव कौन्सिलसाठी सुचवू का? आम्हाला केवढा आनंद झाला! मग कागद आले. त्यात ख्रिस्ती श्रद्धेचं एक निवेदन आहे आणि खाली सहीची जागा. हे म्हणतात, मला जमणार नाही. मी म्हणते, फॉर्मॅलिटी आहे, करून टाका. शाळेत आपल्याकडची एवढी मुलं आणि कौन्सिलवर आपलं एकही माणूस नाही. एका सहीनं गणपती थोडाच रुसणार आहे? या विषयावरून घरात आठ दिवस अबोला आहे. तुम्हीच सांगा.

*

आठ दिवस फार झाले. आज संध्याकाळी चहा टाका आणि हे उत्तर दोघं मिळून वाचा.

तुमचे यजमान बरोबर आहेत. ही सही करू नये. गणपती रुसेल म्हणून नव्हे. ज्या कामासाठी त्यांना बोलावलंय त्या कामाचा सगळा आधारच माणसाच्या सहीवर आहे, म्हणून.

आधी तो कागद नीट वाचू. सिडनीच्या अँग्लिकन धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपच्या अखत्यारीतल्या भागात, पाद्री आणि सर्वसामान्य सभासद यांची मिळून एक सभा असते, तिला सिनॉड म्हणतात. आपल्या शाळा आणि इतर संस्थांचा कारभार कसा चालावा याचं धोरण या सिनॉडनं केलंय, आणि श्रद्धेचं निवेदन त्या धोरणातून आलेलं आहे. त्यात काय आहे? नायसीन आणि प्रेषितांचा मतांगीकार या ख्रिस्ती श्रद्धेच्या दोन जुन्या निवेदनांतली श्रद्धा मी सत्य मानतो. श्रद्धा आणि आचरण या बाबतींत बायबल हेच सर्वोच्च प्रमाण. देवाशी समेट होण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे येशू ख्रिस्त. २०१९मध्ये त्यात विवाहाबद्दलचं वाक्यही आलं, की विवाह स्त्री आणि पुरुष यांचा आणि शरीरसंबंध त्या विवाहातच. २०२२मध्ये हे वर्तमानपत्रांत आलं तेव्हा या शाळांमधल्या बऱ्याच पालकांना पहिल्यांदाच कळलं की मुख्याध्यापक आणि कौन्सिलचे सदस्य अशा कागदावर सही करतात.

आता सांगा, यात फॉर्मॅलिटी कुठे आहे? 'मार्ग एकच' हे वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांनी ते मनापासून लिहिलंय. सिडनीचा धर्मप्रांत जगभरच्या अँग्लिकन चर्चमध्ये कट्टर सुवार्तावादी, म्हणजे बायबलचा शब्द अखेरचा मानणारा, म्हणून ओळखला जातो, आणि त्यांच्या दृष्टीनं हा कागद म्हणजे शाळेचा पाया आहे. आपल्याला पटत नसेल तर नसो, पण दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातल्या गोष्टीवर खोटी सही करणं हा त्यांचा अपमान आणि आपलाही.

तुम्ही फॉर्मॅलिटी का म्हणालात ते मला कळतं, कारण मीही तशाच वातावरणात वाढले. पुण्यात बिशप्स १८६४ची, सेंट मेरीज १८६६ची. मुंबईत कॅथीड्रल १८६०ची. देवळालीला बार्न्स, १९२५ची, आणि तिची मुळं १८१५च्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीपर्यंत जातात. या अँग्लिकन वळणाच्या शाळांमध्ये मराठी घरांतल्या पिढ्या शिकल्या. सकाळी असेंब्लीत 'अवर फादर' ही ख्रिस्ती प्रार्थना म्हणायची, संध्याकाळी घरी दिव्यापाशी 'शुभं करोति'. कुणाला त्यात विसंगती वाटली नाही, आईलाही नाही आणि मलाही नाही. तुमची मुलगी आज चॅपलमध्ये, शाळेच्या प्रार्थनागृहात, बसते तेही तसंच, आणि त्यात काही बिघडत नाही. पण प्रार्थनेला उभं राहणारी मुलगी 'मी हे मानते' असं कुणाला लिहून देत नाही. सही करणारा माणूस लिहून देतो. आपल्याकडे हा फरक कधी समोर आला नाही, कारण पालकांपुढे असा कागद कुणी ठेवलाच नाही.

कौन्सिल म्हणजे काय, हेही स्पष्ट करून घेऊ. आपल्या मनात 'संस्थाचालक' हा शब्द पक्का बसलाय. संस्थाचालकांचा फोन गेला की प्रवेश होतो, बदली थांबते, फी माफ होते. इथलं कौन्सिल तसं नसतं. मुख्याध्यापक नेमणं आणि वेळ आली तर काढणं, अंदाजपत्रक आणि फी मंजूर करणं, इमारती आणि जमिनीचे मोठे निर्णय, मुलांच्या सुरक्षिततेची शेवटची जबाबदारी, एवढं त्यांचं काम. कुठल्या वर्गाला कोण शिक्षक, हॉकीच्या संघात कोण, याच्याशी त्यांचा संबंध नाही. शिवाय पैसे मिळत नाहीत. न्यू साउथ वेल्सच्या १९९०च्या शिक्षण कायद्यात ८३सी हे कलम आहे. नफ्यासाठी चालणाऱ्या शाळेला त्याखाली सरकारी मदत मिळत नाही, आणि नियामक मंडळावर बसल्याबद्दल सदस्याला मोबदला दिला तर शाळा नफ्यासाठी चालते असंच धरलं जातं. पदरचा खर्च तेवढा परत मिळतो.

सदस्य येतात कुठून? बहुतेक शाळांत काही जण सिनॉड निवडते, काही माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेकडून येतात, काही कौन्सिल स्वतः घेते. प्रत्येक शाळेची घडण वेगळी. पॅरामॅटाची किंग्ज स्कूल १८३१ची, तिच्या कौन्सिलसाठी १८९३चा स्वतंत्र कायदाच आहे. तुमच्या भागातल्या काही नव्या अँग्लिकन शाळा धर्मप्रांताच्या एकाच कॉर्पोरेशनखाली, म्हणजे शाळा चालवणाऱ्या संस्थेखाली, आहेत, तिथे वर कॉर्पोरेशनचं बोर्ड आणि खाली शाळेचं कौन्सिल. म्हणून तुमच्या शाळेचं संविधान, म्हणजे तिच्या कारभाराची नियमावली, मागवून वाचा. अध्यक्षांनी ज्या जागेसाठी विचारलं ती कुठली, तिला हे निवेदन लागू आहे का, हे त्यांनाच सरळ विचारलेलं बरं. कदाचित त्यांनी हिशेबातला चोख माणूस पाहिला आणि बाकीचा विचार केलाच नसेल. चांगल्या माणसांकडून असं होतं.

मेलबर्नच्या वाचकांसाठी इथे एक वाक्य: तुमच्याकडचा धर्मप्रांत वेगळ्या वळणाचा आहे, सिडनीचा कागद तुमच्या शाळेत असेलच असं नाही, तेव्हा सिडनीच्या मैत्रिणीचं ऐकून आलेलं बोलावणं नाकारू नका.

आता माझ्या मनात सगळ्यात जास्त घोळणारी गोष्ट. २०१३ ते २०१७ या काळात ऑस्ट्रेलियात संस्थांमधल्या बाल लैंगिक अत्याचारांची चौकशी करणारा रॉयल कमिशन हा सरकारी आयोग बसला होता. त्यात जीलाँग ग्रामर, होबार्टची हचिन्स, ब्रिस्बेनची सेंट पॉल्स अशा अँग्लिकन शाळांचीही सुनावणी झाली. मी त्या सुनावण्यांचे वृत्तांत वाचले तेव्हा माझी मुलं शाळेतच होती, आणि कित्येक रात्री झोप लागली नाही. मुलांनी सांगितलं होतं. मोठ्यांच्या कानावर गेलं होतं. आणि सुशिक्षित, सभ्य, प्रतिष्ठित माणसांनी शाळेचं नाव जपलं. म्हणून मी कौन्सिलच्या खुर्चीकडे मान म्हणून बघू शकत नाही. तिथे बसणाऱ्यानं भर बैठकीत, सगळे माना डोलावत असताना, 'हे मला पटत नाही, मला कागद दाखवा' असं म्हणायचं असतं. ज्यानं आत येतानाच एका कागदावर न पटलेलं लिहून दिलं, त्याला पुढे हे म्हणणं किती जड जाईल? तुमच्या यजमानांना हे आतून कळलंय. ते 'जमणार नाही' म्हणाले, त्यातच ते या कामाला किती लायक आहेत ते दिसतं. दुर्दैवानं या कागदापुरतं दार बंद आहे.

कायदाही हेच मागतो. शाळा ही नोंदणीकृत धर्मादाय संस्था असते, आणि धर्मादाय संस्थांच्या राष्ट्रीय आयोगाच्या नियमांप्रमाणे तिच्या जबाबदार व्यक्तींनी काळजीपूर्वक आणि प्रामाणिकपणे वागायचं, पदाचा आणि माहितीचा गैरवापर करायचा नाही, हितसंबंध आड येत असतील तर उघड सांगायचे, आणि संस्था देणी भागवू शकत नसेल तर ती तशीच चालू द्यायची नाही. चार्टर्ड अकाउंटंटला हे नवीन नाही. पण घरातल्या माणसांना एक गोष्ट नवीन असते. कौन्सिलवरचा माणूस बैठकीतलं घरी येऊन सांगू शकत नाही. कुठल्या शिक्षिकेबद्दल तक्रार आली, कुणाच्या मुलाचं शाळेतून नाव काढून टाकलं, पुढच्या वर्षी फी किती वाढणार, काहीच नाही. मंडळाच्या गणपतीत प्रसाद वाटताना दहा जण विचारतील, 'आमच्या मुलाचं वेटिंग लिस्टमध्ये जरा बघा ना.' दहाही जणांना नाही म्हणावं लागेल, आणि त्यातले दोघे बोलणं टाकतील. आपलं माणूस तिथे असावं, या इच्छेत आपलं काम व्हावं ही इच्छा किती मिसळलीय, हे तुम्ही एकदा स्वतःशी तपासून पाहा. रागावू नका, मी स्वतःलाही हे विचारलेलं आहे.

तुमच्या पत्रातली खरी कळ मात्र मला पोचली. मुलं इतकी आणि टेबलाशी कुणी नाही, हे बोचणं रास्त आहे. बारावीची फी वर्षाला ४०,००० डॉलरच्या पुढे घेणाऱ्या शाळेत पालकांचा आवाज कुठून पोचतो, हा प्रश्न प्रत्येकानं विचारावा. कौन्सिलवर न बसताही खूप करता येतं. काही शाळांच्या कौन्सिलच्या अर्थ किंवा इमारत समितीत बाहेरचे तज्ज्ञ घेतात. तुमच्या यजमानांनी तशी जागा आहे का आणि तिला हे निवेदन लागतं का, हे विचारावं. पालक-मित्र संघ आहे, आणि तिथे बहुधा माणसंच कमी पडतात. आपल्यातले किती जण त्या बैठकांना जातात? मी पाच वर्षं गेले. पहिली दोन वर्षं खुर्च्या मांडल्या आणि सॉसेज भाजले. तिसऱ्या वर्षी मुलांच्या डब्यातल्या जेवणाच्या वासावरून होणाऱ्या चिडवण्याचा विषय काढला, तेव्हा सगळ्यांनी ऐकून घेतलं, कारण तोवर मी त्यांच्यातली झाले होते. सहा महिन्यांत शाळेनं वर्गशिक्षकांसाठी त्यावर सूचना काढल्या. कौन्सिलला तो विषय कधी समजलाही नसेल.

आणि कौन्सिलवर नजर ठेवायला सदस्य असावं लागत नाही. धर्मादाय आयोगाची नोंदवही इंटरनेटवर कुणालाही बघता येते. त्यात शाळेचं नाव टाकलं की बहुतेक वेळा जबाबदार व्यक्तींची नावं आणि संस्थेचं संविधान मिळतं. 'माय स्कूल' या सरकारी संकेतस्थळावर शाळेला फी किती मिळते, सरकारकडून किती येतं, बांधकामावर किती खर्च होतो, हे आकडे असतात. तुमचे यजमान ते तासाभरात वाचतील आणि इतर पालकांना साध्या भाषेत समजावतील. पालक जागे असले की कौन्सिलला ऐकावं लागतं. मेलबर्नच्या क्यू उपनगरातल्या ट्रिनिटी ग्रामरमध्ये २०१८मध्ये एका मुलाचे केस कापल्यावरून उपमुख्याध्यापकांना काढलं, तेव्हा पालक, विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी असे काही उठले की कौन्सिलच्या अध्यक्षांनी पद सोडलं आणि उपमुख्याध्यापक परत कामावर आले. कोण बरोबर होतं यावर आजही दोन मतं असतील, पण शाळा फक्त टेबलाभोवतीच्या डझनभर माणसांची नाही, एवढं त्या वर्षी सगळ्यांना दिसलं.

तक्रार असेल तर मात्र पायरी सोडू नका. आधी वर्गशिक्षक, मग विभागप्रमुख, मग मुख्याध्यापक, आणि शाळेच्या लेखी तक्रार-धोरणात असेल तरच कौन्सिलचे अध्यक्ष. ओळखीच्या सदस्याला पार्किंगमध्ये गाठून सांगितलं तर तो बिचारा अडचणीत येतो आणि आपली तक्रार कुठेच नोंदली जात नाही. मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर मात्र पायऱ्या मोजत बसू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगा, आणि गुन्ह्याचा संशय असेल तर थेट पोलिसांना.

अध्यक्षांना काय कळवायचं? पत्र यजमानांनीच लिहावं, आणि अर्जाची मुदत संपायच्या आत. थोडक्यात: 'तुम्ही मला विचारलंत याचा मला आणि माझ्या घरच्यांना फार आनंद झाला. आम्ही हिंदू आहोत. तुमच्या निवेदनाचा मी आदर करतो, म्हणूनच त्यावर सही करू शकत नाही. सभागृहाचे हिशेब मी पुढेही बघेन, आणि अर्थ समितीत माझा उपयोग होणार असेल तर जरूर सांगा.' आढेवेढे नकोत, माफीही नको. लिहिलेलं पत्र पाठवण्याआधी मुलीला वाचायला द्या. ती त्याच चॅपलमध्ये बसते, तिला यातलं सगळं कळेल. आणि अध्यक्षांचं काय उत्तर आलं ते मला जरूर कळवा.