वडिलांनी हयातीत मोठ्या भावाला फ्लॅट बक्षीस दिला, मग उरलेल्या वाटणीत त्याचा हिस्सा कमी होतो का?

आपोआप नाही होत.

तुम्ही लिहिलंय की वडिलांनी स्वकमाईचा फ्लॅट रजिस्टर बक्षीसपत्राने भावाच्या नावावर केला, नंतर ते मृत्युपत्र न करता गेले, मागे प्लॉट आणि एफडी, वारस म्हणजे आई, दोन भाऊ आणि तुम्ही, आणि आता तो त्यातही समान वाटा मागतोय. चीड येणं साहजिक आहे, पण १९५६ चा हिंदू वारसा कायदा माणूस गेला त्या दिवशी त्याच्या मालकीचं काय होतं तेवढंच बघतो आणि फ्लॅट त्या दिवशी वडिलांचा नव्हताच. म्हणून राहिलेल्यात चौघांना पाव-पाव. फ्रान्समध्ये मुलाला आधी दिलेलं साधारणपणे हिशेबात धरून वाटण्या करतात, आपल्याकडे ती सोयच नाही. एफडीला भाऊ नॉमिनी असेल तर घाबरू नका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

आता बक्षीसपत्राची सर्टिफाइड कॉपी काढा आणि शांतपणे वाचा. 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी' हे सगळ्याच दस्तांत असतं, ते सोडा, त्याखालच्या अटी बघा. बऱ्याचदा तिथे एक ओळ असते की 'यापुढे माझ्या इतर मिळकतींवर याचा हक्क राहणार नाही'. नुसतं वडिलांनी लिहिलेलं असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. भावाने सही करून मान्य केलं असेल तरी वडील जिवंत असताना भावाचा हक्क म्हणजे नुसती आशा, आणि मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अशी आशा कुणाला देता येत नाही, म्हणून नुसत्या सहीने त्याचा हक्क जात नाही. पण, आणि हे महत्त्वाचंय, मोबदला घेऊन त्याने हक्क सोडला असेल तर मागाहून शब्द फिरवता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९७३ मध्ये गुलाम अब्बास प्रकरणात म्हटलंय आणि २०२३ मध्येही तेच धरलंय. भावाचा वकील अर्थात म्हणणार की बक्षीस म्हणजेच विनामोबदला, मग मोबदला कसला? त्यामुळे त्या वेळचा वेगळा कागद, बँकेतून दिलेले पैसे, चिठ्ठी, जे असेल ते शोधा.

फ्लॅट एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित पैशातून घेतला असेल तर गोष्टच वेगळी, तो वडिलांना एकट्याने बक्षीस देताच आला नसता, आणि २००५ पासून मुलीही त्यात जन्मतः हिस्सेदार आहेत. पण आजोबांकडून आलेलं सगळंच वडिलोपार्जित असतं हा समज चुकीचा आहे, १९५६ नंतर वारसाने आलेलं सहसा वडिलांचं स्वतःचंच धरतात. दबाव टाकून किंवा फसवून सही घेतली असं म्हणायचं असेल तर ते कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावा, पण पुरावा असेल तरच, नाहीतर नुसत्या तारखांवर तारखा.

मी असतो तर आधी भावाशी बोललो असतो. त्याने प्लॉटवरचा हक्क सोडायचं कबूल केलं तर हक्कसोडपत्र रजिस्टर करून घ्या, तोंडी 'मला काही नको'वर अजिबात विसंबू नका. आणि आईचा पाव हिस्सा तिचा स्वतःचा आहे, तो कुणाला द्यायचा हे ती मृत्युपत्रात लिहू शकते. मात्र ते तिच्या मनाने होऊ दे, आणि साक्षीदार दोघंही घराबाहेरचे घ्या.