सेडान नवी की जुनी? महापुरात गाडी कुठं होती ते आधी विचारा

या महिन्यात वाचकांचे गाडीवरचे प्रश्न एवढे आलेत की सगळे घेणं शक्य नाही, आणि त्यातले निम्म्याहून जास्त सेडानचेच, म्हणजे मागं वेगळी डिकी असलेल्या गाड्यांचे आहेत, होंडा सिटी, ह्युंदाई व्हर्ना, स्कोडा स्लाव्हिया, फोक्सवॅगन व्हर्टस, मारुती सियाझ या वर्गातल्या. सगळीकडं एसयूव्हीच दिसतात हे खरं, पण घरात पाच माणसं, मागं आई-वडील, डिकीत गावाकडनं आणलेलं तांदळाचं पोतं आणि वर दोन बॅगा असा ज्यांचा प्रवास असतो त्यांना सेडान अजून पटते. मलाही पटते. म्हणून यावेळी सगळी जागा तिलाच देतोय.

प्रश्न : दादा, मी आणि मिस्टर दोघंही शिक्षक, राहायला कोल्हापुरात कळंब्याला. घरात सासूबाई आणि दोन मुलं. बजेट सगळं मिळून १२ लाख, त्यातले ४ लाख हातात, बाकीचं कर्ज. मिस्टर म्हणतात घ्यायची तर शोरूममधनं नवीच. माझा भाऊ म्हणतो एवढ्यात तीन-चार वर्षं वापरलेली टॉप मॉडेलची सिटी येईल आणि वर पैसे उरतील. रोजचा वापर १० किलोमीटर, अधनंमधनं पुणं आणि सुट्टीत कोकण. काय करू?

ताई, आधी १२ लाख म्हणजे नक्की किती ते बघूया, कारण शोरूममधली पाटी एक सांगते आणि बिल वेगळंच येतं. आपल्याकडं महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १० लाखांपर्यंत ११ टक्के आणि १० ते २० लाखांत १२ टक्के. म्हणजे साडेदहा लाखांच्या गाडीला १ लाख २६ हजार नुसता टॅक्स, त्यात विमा धरला की तुमचं बजेट तिथंच संपलं. वर १० लाखांच्या पुढच्या गाडीला १ टक्का टीसीएस (गाडी घेतानाच आगाऊ घेतला जाणारा इन्कम टॅक्स) कापतात, तो तुम्हाला इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये परत मिळतो पण भरताना खिशातनंच जातो. थोडक्यात १२ लाखांत नवी सेडान घेतली तर सगळ्यात खालचं मॉडेल, तेही ओढूनताणून.

जीएसटी कमी झालाय ना, मग स्वस्त नाही का झाली, असं बरेच जण विचारतात. झाली, पण ऐकलं तेवढी नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला तो छोट्या गाड्यांना, म्हणजे लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत. या सगळ्या सेडान चार मीटरच्या वर जातात त्यामुळं त्यांना ४० टक्के लागतो. पूर्वी २८ आणि वर १७ टक्के सेस (जादा कर) मिळून ४५ होता, म्हणजे फरक आहे पण पाच टक्क्यांचा.

आता हप्ता. ८ लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर महिन्याला साधारण १६,६०० रुपये. सात वर्षांसाठी घेतले तर १२,९०० च्या आसपास, ऐकायला बरं वाटतं पण व्याज पाच वर्षांत १ लाख ९६ हजार जातं ते सात वर्षांत २ लाख ८१ हजार होतं. शोरूमवाले सात वर्षांचाच कागद पुढं करतात, तेव्हा हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून घ्या.

म्हणून माझं मत तुमच्या भावाच्या बाजूनं आहे, पण तीन अटींवर. गाडी एकाच मालकाची पाहिजे, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधला सगळा रेकॉर्ड पाहिजे, आणि वय चार वर्षांच्या आत पाहिजे. जुन्या गाडीच्या कर्जाला बँक जास्त व्याज लावते तेव्हा तिथं कर्ज जेवढं कमी तेवढं चांगलं.

मॉडेलचं म्हणाल तर जुलै २०२० मध्ये आलेल्या नव्या पिढीची सिटी तुमच्यासाठी सगळ्यात सरळ, पेट्रोलला साधं १.५ लिटरचं इंजिन, टर्बो नाही. सियाझची मागची सीट ऐसपैस आहे, २०२५ मध्ये ती बंद झाली म्हणून लोक घाबरतात पण तिचं १.५ चं इंजिन अर्टिगालाही होतं, पार्ट मिळायची अडचण नाही. स्लाव्हिया-व्हर्टस चालवायला मजबूत आणि हायवेला घट्ट बसतात, ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत दोघींना पाच स्टार आहेत, पण जुनी घेताना वाढीव वॉरंटी शिल्लक असेल तरच घ्या, टर्बो आणि डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम निघालं तर शिक्षकाच्या पगाराला ते झेपणारं नसतं. आणि पेट्रोल टाकीच्या झाकणावर ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असं लिहिलंय का तेवढं बघा, एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आहेत, आधीच्यांचं कंपनीला विचारून घ्यावं लागतं.

एक काम मात्र सगळ्यात आधी करा. सासूबाईंना घेऊन जा आणि मागं बसवा, मग उतरायला सांगा. सेडानची सीट खाली असते. उतरताना त्यांना दाराच्या वरच्या कडेला धरून दोनदा झोका घ्यावा लागला किंवा आधी पाय बाहेर काढून कुणाचा तरी हात मागावा लागला, तर ताई, गाडी कितीही चांगली असू दे, ती तुमच्या घरची नाही. मग उंच गाडीच बघा. मिस्टरांना चालवून कशी वाटली हे त्यानंतर.

प्रश्न : दादा मी उजळाईवाडीचा, वय २६. एका एजंटकडं २०१८ ची व्हर्ना पाहिली, ४२ हजार किलोमीटर, एकदम चकाचक, आणि मार्केटपेक्षा दीड लाखानं कमी. म्हणतोय मालकाला अर्जंट पैसे पाहिजेत, उद्यापर्यंत टोकन द्या. देऊ काय?

भावा, टोकन देऊ नको. आधी एकच प्रश्न विचार, ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये ही गाडी कुठं उभी होती.

कोल्हापुरात पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि त्या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शाहूपुरी, नागाळा पार्क, लक्ष्मीपुरी, दुधाळी, बापट कॅम्प, व्हीनस कॉर्नर, सगळीकडं पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात होत्या. सांगलीत तेच. त्या गाड्यांचं पुढं काय झालं? दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी लिलावात जाते. तिथनं कुणीतरी घेतो, धुतो, सीट कव्हर बदलतो, पॉलिश मारतो आणि विकतो. अशी गाडी वर्षभर चांगली चालते. मग एक दिवस पॉवर विंडो बंद, मग एअरबॅगचा दिवा लागतो, मग हायवेला चालता चालता बंद, आणि वायरमन सांगतो की सगळं वायरिंगच बदला. एअरबॅगचा कंट्रोल युनिट बऱ्याच गाड्यांत गिअरच्या पुढं खाली जमिनीलाच असतो, म्हणजे पाणी आत आलं की पहिला तोच भिजतो, आणि अपघातात एअरबॅग उघडेल याची खात्री मग कुणीच देऊ शकत नाही. त्यामुळं हा फक्त पैशाचा विषय नाही रे.

बघायचं कसं ते सांगतो, दिवसाउजेडी जा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ, पार गुंडाळीतला पट्टा बाहेर येईपर्यंत. रोज वापरताना आपण तेवढा कधीच ओढत नाही, त्यामुळं धुणाऱ्याचा हात तिथं पोचत नाही आणि पुराच्या पाण्याची पिवळट रेघ आडवी उमटलेली दिसते, बोट फिरवलं तर बारीक माती लागते. मग ड्रायव्हर सीट पूर्ण मागं घे आणि खालच्या रुळांवर टॉर्च मार, सात-आठ वर्षांच्या गाडीला थोडा गंज चालतो पण बोल्टाची डोकी फुगलेली असतील तर उठून ये. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खालचा खड्डा बघ, कोपऱ्यात वाळलेला गाळ राहतोच. डॅशबोर्डखाली मान घालून वायरीच्या जोडण्या बघ, हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर संपलं. हेडलाईटच्या आत पाण्याची खूण आहे काय तेही बघ. आणि काचा बंद करून एसी न लावता पाच मिनिटं बस, अत्तराचा वास मारायला लागला तर समज की कशावर तरी पांघरूण घातलंय.

किलोमीटरचं म्हणशील तर मीटरवर कधीच जाऊ नको. मालकाला सांग, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ये आणि गाडीच्या नंबरवर सगळ्या सर्व्हिसची प्रिंट काढून दे. त्यात प्रत्येक वेळचं मीटर रीडिंग असतं. २०२१ ला ६० हजार आणि आज ४२ हजार असेल तर वेगळं काही विचारायला नको. टायरवर चार आकडे असतात, ३२२१ असेल तर २०२१ सालचा ३२ वा आठवडा, त्यावरनं टायर किती जुने ते कळतं. विमा कंपनीकडं आधी क्लेम झालाय काय तेही मालकालाच विचारायला लाव. जो मालक सर्व्हिस सेंटरला यायला तयार नाही त्याची गाडी घ्यायचीच नाही, आणि मालक कधीच समोर येत नसेल, सगळं एजंटच बोलत असेल, तर दीड लाख कमी का आहेत याचं उत्तर तुला मिळालंच.

एवढं सगळं नीट निघालं तर उद्यमनगरातला ओळखीचा मेस्त्री घेऊन जा, लिफ्टवर चढवून खालनं बघू दे. त्याचे जे काय हजार-पाचशे होतील ते आनंदानं दे.

प्रश्न : मी गडहिंग्लजचा, निवृत्त. बेळगावला ओळखीत केए-२२ पासिंगची सिटी मिळतेय, गाडी चांगली आहे, मालकही माहितीतला. दुसऱ्या राज्याची घ्यावी का?

काका, गाडी आणि मालक दोन्ही माहितीतले असतील तर निम्मं काम झालंय, राहिला कागदांचा खर्च. तो धरून भाव करा. बेळगाव आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८ पाहिजे, टीटी म्हणजे नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज होतं तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. मग इथं गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा टॅक्स भरून नवा नंबर घ्यायचा. कर्नाटकात भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो पण त्याला चकरा आहेत, तो मिळेल असं धरून भाव ठरवू नका. पुण्या-मुंबईची गाडी घेतली असती तर नंबरचं आणि टॅक्सचं काही नव्हतं, आहे तोच एमएच नंबर राहतो आणि टॅक्सही पुन्हा लागत नाही.

दिल्लीच्या गाड्या कुणी दाखवल्या तर मात्र दोनदा विचार करा. तिथं दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध घातले गेले होते, त्यामुळं त्या स्वस्तात इकडं येतात, इथं आल्यावर टॅक्स आणि दुरुस्ती धरली तर स्वस्ताई उरत नाही.

प्रश्न : डिझेल सेडान घ्यायची आहे, इचलकरंजी ते पुणे आठवड्याला जातो.

नवी या वर्गात मिळणार नाही, २०२३ च्या प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या वेळी सिटी आणि व्हर्ना दोन्हींचं डिझेल बंद झालं. जुनी घ्यायची तर एप्रिल २०२० नंतरची, बीएस-६ या प्रदूषण नियमातली बघा आणि तीही जास्त वर्षं ठेवणार असाल तरच. मी असतो तर तुमच्या एवढ्या प्रवासाला सिटीची हायब्रीड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी, एकदा चालवून बघितली असती, महाग आहे पण पेट्रोल खूप कमी खाते.

प्रश्न : आमचं गाव गगनबावड्याकडं, घाटात आणि गावच्या रस्त्यावर सेडान खाली घासते म्हणतात. खरं काय?

खरं आहे, पण सगळ्यांना सारखं नाही. स्लाव्हिया आणि व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्त्यापासून गाडीच्या तळाची उंची, १७९ मिलिमीटर, सिटी आणि व्हर्नाचा १६५. कागदावर फरक दीड सेंटिमीटरच आहे, पण पाच माणसं आणि डिकी भरलेली असली की गाडी मागनं बसते आणि गावातल्या त्या हातानं केलेल्या उंच स्पीड ब्रेकरला नेमका तोच दीड सेंटिमीटर लागतो. टेस्ट ड्राईव्ह एकट्यानं हायवेला घेऊ नका. घरचे सगळे बसवा आणि तुमच्या रस्त्यासारख्या रस्त्यावर घेऊन जा, शोरूमवाला नको म्हणाला तर दुसरीकडं जा. उसाच्या सीझनला ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा खचलेल्या असतात, ओव्हरटेक करताना खाली उतरावं लागतं, तेही डोक्यात ठेवा.

प्रश्न : मी माझी जुनी गाडी सहा महिन्यांपूर्वी एका डीलरला दिली. पैसे मिळाले, पण चलन अजून माझ्याच मोबाईलवर येतात. डीलर म्हणतो होईल ट्रान्सफर.

हे आजच्या आज हातात घ्या. आरसीवर (गाडीच्या नोंदणी दाखल्यावर) ज्याचं नाव तोच मालक, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. त्या गाडीनं उद्या कुणाला उडवलं आणि विमा चालू नसला तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येईल. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत डीलरला गाडी दिली की फॉर्म २९सी ऑनलाईन भरता येतो, तो झाला की ट्रान्सफर होईपर्यंत डीलरच मालक धरला जातो. तुमच्या डीलरकडं ती नोंदणी आहे काय विचारा. नसेल तर विक्रीची पावती, डीलरशी झालेले मेसेज आणि बँकेत पैसे आल्याची नोंद घेऊन कोल्हापूरच्या ताराबाई पार्कातल्या आरटीओत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्या गाडीबरोबर सोडू नका, तो तुमचा असतो, कंपनीकडनं पत्र घेतलं की तीन वर्षांत नव्या गाडीला वापरता येतो.