एव्हर आणि नेव्हरला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा: सोमन चैनानींच्या 'द स्कूल फॉर गुड अँड ईव्हिल'मधे (पुस्तक २०१३चं, २०२२ला नेटफ्लिक्सवर पिक्चरही आला) परीकथेतले हिरो तयार करणाऱ्या शाळेतली मुलं एव्हर आणि व्हिलन तयार करणाऱ्या शाळेतली नेव्हर. भाचीला रात्री मराठीत सांगताना 'सदैव' आणि 'कधीच नाही' म्हटलं की ती खो खो हसते, तर दुसरं काही आहे का?

हसणारच ती, कारण ते शब्दांचं भाषांतर झालं. मूळ शब्द आलेत 'हॅपिली एव्हर आफ्टर'वरनं, म्हणजे इंग्रजी गोष्टीच्या ठरलेल्या शेवटावरनं. मग मराठी गोष्टीच्या ठरलेल्या वाक्यांतच शोधायला हवं ना. मी आधी 'सुखाने नांदू लागले' घेऊन बसलो, पण न नांदणारी म्हटलं की डायरेक्ट फॅमिली कोर्टच आठवतं. मग 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण'वरनं सुफळ आणि विफळ करून पाहिलं, कानाला बरं वाटतं पण विफळ म्हणजे नापास झालेला, आणि नेव्हर पोरांना तर आपल्या दुष्टपणाचा माज असतो.

शेवटी उत्तर पहिल्याच वाक्यात सापडलं. आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता, राजाला दोन राण्या, एक आवडती नि एक नावडती. आवडता आणि नावडता! इंग्रजीत एव्हरला पुढे एक एन लावला की नेव्हर, इथे आवडताला न लावला की नावडता, फरक तेवढाच. शिवाय हा शब्द एकटा येत नाही, अख्खी गोष्ट घेऊन येतो. श्रावणातली शिवामुठीची कहाणी आठवा, तीन सुना आवडत्या, चौथी नावडती, तिला उष्टं अन्न, जाडंभरडं नेसणं, राहायला गुरांचं बेडं. आणि इकडे नेव्हरांच्या अंगावर काळे ढगळ झगे. कहाणीत शेवटी नावडतीची आवडती होते आणि पुस्तकाची सगळी गंमत पण त्याच अदलाबदलीत आहे, नटवी सोफी जाते दुष्टांत आणि स्मशानाशेजारी राहणारी अगाथा सुष्टांत. 'नावडतीचं मीठ अळणी' ही म्हण तर नेव्हरांच्या डायनिंग हॉलवर पाटी म्हणून लावावी.

खोट एकच. 'कायमचं' हा अर्थ यात येत नाही, आणि आवडता कुणाचा हा प्रश्न उरतो. मला चालतं, कारण त्या शाळेत नाहीतरी कथाच ठरवते कोण लाडकं ते. शाळांना मात्र आवडत्यांची शाळा वगैरे म्हणू नका, अंगणवाडी वाटते. तिथे सुष्ट-दुष्ट ही जोडी आयती आहे, वेधशाळा-गोशाळेसारखं सुष्टशाळा, दुष्टशाळा करा. आणि मूळ 'एव्हर आफ्टर' येईल तिथे सरळ 'सुखाने नांदणं'च ठेवा.

एकदा वाक्यात घालून बघा, सोफी दुष्टशाळेच्या दारात पाय आपटत ओरडतेय, "अहो मी नावडती नाहीये, तुमची चूक झालीय!" भाची हसली तर यावेळी सोफीला हसेल.