अनोळखी भागात चढ नसलेला, निवांत सायकलमार्ग कसा आखावा?

तुम्ही लिहिलंय की वय पन्नाशीला आलंय, एक गुडघा कुरकुरतो, सायकल साधी गिअरची आहे आणि पुण्याच्या आसपास दोन दिवस खेड्यापाड्यांतून फिरायची इच्छा आहे. भाग अजिबात पाहिलेला नाही, चढ नकोत आणि ट्रकही नकोत. मी स्वतः गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सायकलवर बसले आणि मग उतरलेच नाही. त्यामुळे तुमचा प्रश्न मला फार जवळचा वाटला. जरा सविस्तर लिहिते.

नकाशा उघडलात की आधी रस्ते पाहू नका, नद्या पाहा. कुठली नदी कुठून कुठे जाते आणि दोन नद्यांच्या मधे काय आहे, हे कळलं की निम्मं काम झालं. नदीच्या सोबतीने जाणारा रस्ता सहसा सपाट असतो. एका नदीच्या खोऱ्यातून दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात नेणारा रस्ता मधला डोंगर किंवा माळ ओलांडतोच, आणि तिथेच आपला गुडघा बोलायला लागतो.

उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं घेते. आळंदीहून निघालेली माउलींची पालखी पुण्याहून दिवे घाट चढून सासवडला जाते. म्हणजे मुळा-मुठेचं खोरं सोडून कऱ्हेच्या खोऱ्यात शिरते. पुढे जेजुरी, वाल्हे करत नीरेच्या खोऱ्यात उतरते. देहूची तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड अशी जाते, म्हणजे बराच काळ मुळा-मुठा आणि भीमेच्या अंगानेच चालते. तिला मोठा घाट लागत नाही. पाटसनंतर उंडवडीकडे वळताना रोटी घाट लागतो, आणि तोही का? तर तिथे ती भीमेची बाजू सोडून कऱ्हेकडे निघते म्हणून. दोन्ही पालख्या एकाच पंढरपूरला जातात, पण सायकलवाल्यासाठी हे दोन अगदी वेगळे रस्ते आहेत. (आता हे दोन्ही पालखी मार्ग रुंद करून राष्ट्रीय महामार्ग केलेत, त्यामुळे त्यांवरून सायकल न्या असं मी सांगत नाही. जमिनीचा उतार समजावा म्हणून हे सांगितलं.)

दुसरी खूण रेल्वेची. आगगाडीला चढ सोसत नाही. कर्जतहून खंडाळ्याकडे येताना बोरघाटात ३७ मीटरला १ मीटर इतका चढ आहे, म्हणजे जेमतेम पावणेतीन टक्के, आणि तेवढ्यासाठी गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. म्हणून रूळ टाकणाऱ्यांनी शक्य तिथे सगळ्यात सौम्य उताराची जमीन शोधून ठेवली आहे. नकाशावर रुळांची रेघ दिसली आणि तिच्यात बोगदे नसले, तर त्या पट्ट्यात डोळे मिटून रस्ते शोधा. आणखी एक सोय म्हणजे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. पुण्याला ती ५६० मीटर आहे, दौंडला सुमारे ५१५. म्हणजे पंचाहत्तर किलोमीटरमधे जमीन पंचेचाळीस मीटर उतरली. घरबसल्या दोन पाट्यांचे फोटो पाहूनही एवढं कळतं.

आता उंचीची चूक मी स्वतः कशी केली ते सांगते, कारण ही चूक बहुतेक जण करतात. पहिल्या वर्षी मला वाटलं, समुद्रकिनारा म्हणजे सपाट. रत्नागिरीहून आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला निघाले. अंतर पंचवीसेक किलोमीटर, नकाशात एका बाजूला सतत समुद्र, काळजी कसली? पण कोकणात रस्ता खाडीपाशी उतरतो, मग सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर चढतो, पुन्हा पुढच्या खाडीपाशी उतरतो. उंची कुठेच फार जात नाही, तरी तोच चढ पुन्हा पुन्हा चढावा लागतो. त्या दिवशी मी निम्मा चढ सायकल हातात धरून चालले आणि संध्याकाळी गुडघा पाव-रोटीसारखा फुगला होता. तेव्हापासून मार्गात सगळ्यात उंच जागा किती आहे हे मी बघतच नाही. एकूण चढ किती, तो भागिले किलोमीटर, एवढं बघते. दर किलोमीटरला पाच मीटरपर्यंत आला तर मी त्याला सपाट म्हणते. दहाच्या वर गेला की तुमच्या-माझ्यासारख्यांनी दुसरा रस्ता शोधावा. कोकणातच हवं असेल तर अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा हा अष्टागराचा पट्टा खरोखर सपाट आहे, नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जातो, सावलीही भरपूर. फक्त शनिवार-रविवार सोडून जा, कारण त्या दोन दिवशी अख्खी मुंबई तिथे गाड्या घेऊन येते.

एकूण चढ मोबाइलवरची मार्ग आखायची बहुतेक ॲप सांगतात, पण त्यांचा आकडा जसाच्या तसा धरू नका. त्यांच्यामागची उंचीची माहिती अनेकदा उपग्रह किंवा अंतराळयानातून घेतलेली असते. तिच्यात झाडांचे शेंडेही जमीन म्हणून मोजले जातात, आणि खोल ओढ्यावर पूल असेल तरी तुम्ही ओढ्यात उतरून वर आलात असं धरलं जातं. म्हणून शंका आली की मी सर्व्हे ऑफ इंडियाचा ५० हजारात १ प्रमाणाचा नकाशा काढते. त्यावर दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ, असते. आपला रस्ता किती रेषा कापतो ते बोटाने मोजायचं. रस्ता रेषेला समांतर चालला असेल तर सुख, रेषा पटापट कापत सुटला असेल तर चढ. पाच मिनिटांत अंदाज येतो.

इथे एक बारीक गोष्ट, जी मला चार-पाच सहलींनंतर उमगली. नदीकाठ सपाट म्हणून अगदी पाण्याला लागून जाणारा रस्ता धरू नका. भीमेसारख्या नदीच्या काठावर घळी असतात, आणि येऊन मिळणारा प्रत्येक ओढा शेवटच्या अर्ध्या-एक किलोमीटरमधे सगळ्यात खोल झालेला असतो. फरशी पुलापाशी खाली, मग दम काढत वर, असं दिवसभर चालतं. नदीपासून तीन-चार किलोमीटर आत, पण डोंगराच्या पायथ्यापासून लांब, असा मधला रस्ता सगळ्यात गोड असतो.

मग कालवे. मला विचाराल तर महाराष्ट्रात सायकलसाठी कालव्यासारखी दुसरी जागा नाही. कालव्याचं पाणी स्वतःच्या उताराने जायला हवं असतं, म्हणून तो किलोमीटरला हातभरसुद्धा उतरत नाही आणि टेकडी आली की तिला वळसा घालतो. खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा, नीरेचा डावा कालवा, दोन्हींच्या कडेने बऱ्याच ठिकाणी पाटबंधारे खात्याचा रस्ता आहे. एका बाजूला संथ पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, मधे एखादा खंड्या. पण तो रस्ता पाहणीसाठी केलेला आहे, सगळीकडे डांबर नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिनाभर काळी माती चाकाला अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. कोरड्यात वेड्या बाभळीचे काटे आणि सराटे. दोन जादा ट्यूब, ठिगळाचं सामान आणि पंप याशिवाय कालव्याला जाऊ नका. आणि वळशांमुळे अंतर सरळ रस्त्याच्या दीडपट धरा. एखादा पाच-सहा किलोमीटरचा तुकडा कालव्याने आणि बाकी डांबरी, असं मिश्रण मला सगळ्यात आवडतं.

रहदारीसाठी रस्त्याच्या कडेचे दगड वाचा. पिवळ्या डोक्याचा दगड राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्याचा राज्यमार्गाचा, दोन्हींना शक्यतो फक्त ओलांडा. नारिंगी डोक्याचा दगड दिसला तर तो प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता. असे रस्ते अरुंद असतात, गावातून गावात जातात आणि मोठी वाहनं त्यावर कमी. माझ्या मार्गाचा मोठा भाग मी त्यांवरच काढते.

तुम्ही ज्या भागात निघालाय तिथे ऊसतोडीचा हंगाम लक्षात घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून कारखाने सुरू झाले की ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस जातो. ट्रॉलीतून ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, मागे दिवे असतीलच असं नाही. म्हणून कारखान्याकडे जाणारा मुख्य रस्ता टाळा आणि अंधार पडण्याआधी मुक्कामी पोहोचा. हे मी कळकळीने सांगते. पण याच दिवसांत दौंड भागात गुऱ्हाळं चालू असतात, गरम गुळाचा वास अर्धा किलोमीटर आधीपासून येतो. थांबा, कढईतला ताजा गूळ मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही.

वारा म्हणजे न दिसणारा चढ. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा जोरदार असतो, तेव्हा पुण्याहून पूर्वेला जाताना पाठीवर हात ठेवून कुणी ढकलतंय असं वाटतं आणि परतताना रडू येतं. हिवाळ्यात सकाळी वारा जवळपास नसतो, नंतर सुटतो तो हलका, बहुधा पूर्वेकडून. मी सूर्य उगवताना निघते आणि अकरापर्यंत दिवसाचं दोन तृतीयांश अंतर उरकते.

तुमच्यासाठी मी आखला असता तो मार्ग असा. डिसेंबर किंवा जानेवारी, मधल्या वारी. हडपसरची गर्दी सायकलवरून पार करण्यात काही अर्थ नाही, छोट्या टेम्पोत सायकल टाकून यवतपर्यंत जा. तिथून महामार्ग सोडून आतल्या गावांतून दौंड. मग सिद्धटेक. अष्टविनायकांतला हा एकच गणपती उजव्या सोंडेचा, आणि देऊळ भीमेच्या पलीकडच्या तीरावर. पूर्वी नावेतून जावं लागे, आता शिरापूरकडून पूल आहे. मुक्काम तिथे किंवा मागे दौंडला. दुसऱ्या दिवशी भीमेच्या अलीकडच्या बाजूने, रुळांची सोबत धरून भिगवण. उजनी धरणाचं पाणी तिथपर्यंत फुगतं, थंडीत कुंभारगावच्या बाजूला रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. नावाड्याला सांगून पाण्यात जा. परतीला भिगवणला स्टेशन आहे. सायकल पार्सलने पाठवता येईल का ते मात्र आधी स्टेशनवर विचारून ठेवा, नाहीतर पुन्हा टेम्पो सांगा.

या भिगवणच्या बाजूला मी एकदा चांगलीच फसले. उपग्रहाच्या चित्रात पाण्याच्या कडेने एक सुंदर पांढरा रस्ता दिसत होता, दोन गावं जोडणारा. डिसेंबरात गेले तर रस्ता सरळ पाण्यात शिरलेला. चित्र उन्हाळ्यातलं होतं. धरण उतरलं की बुडालेले जुने रस्ते वर येतात, पावसाळ्यानंतर पुन्हा पाण्याखाली जातात. चौदा किलोमीटरचा वळसा पडला. धरणाच्या काठचा कुठलाही रस्ता आदल्या दिवशी गावात विचारूनच पक्का करा.

आणि विचारायचं कुणाला, यालाही महत्त्व आहे. मोटारसायकलवाल्या पोराला विचारलंत तर तो प्रत्येक रस्त्याला 'लेव्हलच आहे की' म्हणेल, कारण त्याला चढ जाणवतच नाही. दूध घालायला पूर्वी सायकलवर जाणारे एखादे आजोबा पारावर बसलेले असतात, किंवा शाळेत सायकलने जाणाऱ्या मुली भेटतात, त्यांना विचारा. "काका, सायकल कुठं हातात धरावी लागते का?" असाच प्रश्न करा. ते अगदी नेमकं सांगतात, अमक्या वस्तीच्या पुढे, म्हसोबाच्या अलीकडे, तिथं उतरा. एकटी बाई म्हणून फिरताना मला या मुलींचाच सगळ्यात आधार वाटत आला आहे. पाणी, स्वच्छतागृह, बसायला सावली, सगळं त्याच दाखवतात.

दिवसाला चाळीस किलोमीटरपेक्षा जास्त धरू नका. निघायच्या आधी सीटची उंची तपासा. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. सीट खाली असली की सपाट रस्त्यावरही गुडघा दुखतो, आणि आपण उगाच रस्त्याला दोष देतो. तुमच्या पट्ट्यातली गावं पक्की झाली की इथेच खाली लिहा, मी समोच्च रेषा मोजून सांगते.