पहिलं पेडल कोणतं घ्यायचं?
गिटार वाजवणाऱ्या लेकाला एकदम पाच-सहा पेडलं, म्हणजे गिटारचा आवाज बदलणारे पायाने दाबायचे डबे, घेऊन देऊ नका. आधी ट्यूनर, म्हणजे तारा सुरात लावायला मदत करणारं यंत्र; बेसूर गिटारला कुठलाच इफेक्ट वाचवत नाही. मग एक डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटका-खरखरीत करणारं पेडल. बॉस कंपनीचं डीएस-१ १९७८ पासून बाजारात आहे, दणकट आहे, जुनं मिळालं तरी वाजवून बघून घ्या. टोनचा नॉब मात्र निम्म्याच्या खाली ठेवायला सांगा, नाहीतर कानात डास शिरल्यासारखं वाजतं. डिले, म्हणजे आवाजाचा प्रतिध्वनी देणारं पेडल, पुढच्या वाढदिवसाला. तो डिस्टॉर्शनच्या नंतर जोडायचा, उलट केलं की सगळा गिचका होतो.

अडॅप्टर ९ व्होल्टचा, मधली पिन निगेटिव्ह असलेला. मी घाईत भलताच लावून एक पेडल जाळलंय! आणि हो, घरच्या अँपमध्येच, म्हणजे गिटार जोडायच्या स्पीकरमध्येच, डिस्टॉर्शन आहे का, ते दुकानात जायच्या आधी बघा.