गुराखी ते सिनेटर

प्रश्न: अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याचे सिनेटर जॉन केंड्रिक खरंच गुराखी होते का? १८८६-८७ च्या हिवाळ्यात तिथली गुरं एवढी का मेली?

उत्तर: हो. १८७९ मध्ये ते टेक्सासहून गुरं हाकत वायोमिंगला आले. त्या हिवाळ्याआधीचा उन्हाळा कोरडा गेला होता, कुरणंही अति चराईनं खुरटली होती. बर्फ वितळून पुन्हा गोठला आणि गवतावर टणक पापुद्रा धरला. घोडा खुरानं बर्फ उकरतो, गाय तोंडानं ढकलते. तिचं मुस्कट सोलवटतं. त्यात बहुतेकांकडे साठवलेला चाराच नव्हता, मोठी चूक तीच.

केंड्रिक १९१५ मध्ये गव्हर्नर आणि १९१७ पासून १९३३ मध्ये मृत्यू होईपर्यंत सिनेटर होते. वायोमिंगमधल्या टीपॉट डोम या सरकारी तेलसाठ्याचा भाडेपट्टा गुपचूप दिला गेला, तेव्हा १९२२ मध्ये खुलासा मागणारा ठराव त्यांनीच मांडला. आमच्या मते त्यांचं सर्वांत मोलाचं काम हेच.