बेसबॉलच्या मायनर लीगमधल्या (मेजर लीगच्या खालच्या, तयारीच्या लीग) प्रॉस्पेक्टची, म्हणजे होतकरू पोराची, सीझनभर प्रगती कशी ट्रॅक करायची? ॲव्हरेज पडलं म्हणजे पोरगं संपलं असं समजायचं का?

नाही, संपलं नाही. आणि हे वाचून हात शिवशिवले, कारण "पोरगं संपलं" हे वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की आता ते झोपेतही ऐकू येतं.

तुम्ही लिहिलंय की नाशिकला बसून अर्जुन निम्मला या भारतीय वंशाच्या प्रॉस्पेक्टमुळे बेसबॉलचा नाद लागला, रोज सकाळी बॉक्स स्कोअर (मॅचच्या आकड्यांचा तक्ता) उघडता, आज चारात शून्य हिट, उद्या चारात एक, आणि पोरगं पुढे चाललंय की मागे ते काही कळत नाही; पिचरचं (बॉल टाकणाऱ्याचं) कसं बघायचं तेही विचारलंय. कळणारच नाही हो. रोजच्या स्कोअरमधून मायनर लीगचं काहीही कळत नाही, कुणालाच नाही. साधा हिशोब करा, महिन्याला शंभरेक ॲट-बॅट (बॅटिंगच्या संधी) होतात, त्यात पंचवीस हिट आले तर .२५०, वीस आले तर .२००, म्हणजे फरक महिन्याला पाच हिटचा, आठवड्याला जेमतेम एक, आणि तो एक हिट बऱ्याचदा शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या) ग्लव्हजला चाटून गेलेला असतो. या एका चाटण्यावर लोक एकोणीस वर्षांच्या पोराचं करिअर निकालात काढतात.

आता साडू. मी राहतो न्यू जर्सीत ब्रिजवॉटरला, ते एडिसनला. आमच्या गावात सॉमरसेट पेट्रियट्सचं पार्क आहे, ही टीम आधी स्वतंत्र लीगमध्ये होती, २०२१ पासून यांकीज या मेजर टीमची डबल-ए झाली (पायऱ्या खालून वर: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए, मग मेजर). २०२२ ला तिथे अँथनी व्होल्पे आला. इथलाच पोरगा, वॉचंगचा, २०१९ ला ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या राउंडमध्ये उचललेला, आणि आदल्या वर्षी खालच्या दोन लेव्हलला मिळून २७ होमरन आणि ३३ स्टील (पळून चोरलेले बेस) करून आलेला. त्यामुळे सगळ्या गावाला वाटत होतं आला की फोडणार. तर एप्रिलभर ॲव्हरेज दोनशेच्या, म्हणजे .२०० च्या, आसपास रखडलेलं. एप्रिलमध्ये इथे रात्री काय थंडी असते ते विचारू नका, बॅटला बॉल नीट लागला नाही तर हाताला झिणझिण्या येतात, पण साडूंना थंडीबिंडी मान्य नाही, त्यांना बोर्डावरचा आकडा मान्य.

अशाच एका रात्री आम्ही सहकुटुंब गेलो होतो, अंगावर ब्लँकेटं घेऊन. मायनर लीगमध्ये मजा अशी की तिकीट स्वस्त असतं आणि होम प्लेटच्या मागे बसायला मिळतं, आणि तिथेच बसतात स्काउट लोक, टीमसाठी खेळाडू हेरणारे. पोलो शर्टावर जॅकेट, मांडीवर वही, कुणाकडे रडार गन. आमच्या पुढच्या रांगेत एक म्हातारा होता, त्याच्या हातात फक्त स्टॉपवॉच. एका राइटी (उजव्या हाताच्या) बॅटरने बॉल सरळ शॉर्टस्टॉपकडे मारला, जिवाच्या आकांताने पळाला, आउट झाला. साडू म्हणाले, "झालं, परत आउट. यांना पगार कशाचा देतात?" आणि त्याच वेळी त्या म्हाताऱ्याने घड्याळ बघून वहीत ४.१५ लिहिलं. बॅटला बॉल लागल्यापासून फर्स्ट बेसवर पाय पडेपर्यंतचे सेकंद. राइटीसाठी ४.३ म्हणजे सर्वसाधारण, ४.१५ म्हणजे चांगला पळतो. ॲव्हरेज त्याने वहीत कुठेच लिहिलं नव्हतं, मी मुद्दाम वाकून बघितलं. साडूंना कोपराने ढोसून दाखवलं तर म्हणतात, "पळायला काय, कुत्रंपण पळतं."

त्या रात्री एडिसनपर्यंत गाडीत वाद. मागच्या सीटवर दोघी बहिणी शांतपणे चकली खात होत्या. माझं म्हणणं एवढंच की डबल-एमध्ये आउट कसा झाला ते बघायचं, किती वेळा झाला ते नाही. त्यांचं म्हणणं, आउट तो आउट. नंतर त्यांनी नवीनच चाळा सुरू केला, दर सोमवारी फॅमिली ग्रुपवर व्होल्पेच्या ॲव्हरेजचा स्क्रीनशॉट. सोमवारीच का, तर मायनर लीगला सोमवारी सुट्टी असते, मंगळवार ते रविवार एकाच टीमबरोबर सहा मॅचची सिरीज चालते, त्यामुळे आठवड्याचा हिशोब सोमवारी पक्का होतो. (ही एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. बघायचंच असेल तर सोमवारी बघा, आठवड्यातून एकदा. मी तर म्हणेन महिन्यातून एकदा.)

व्होल्पेने तो सीझन २१ होमरन आणि ५० स्टीलवर संपवला, शेवटी ट्रिपल-एला गेला आणि २०२३ च्या ओपनिंग डेला यांकीजचा शॉर्टस्टॉप म्हणून उतरला, २१ व्या वर्षी. मी ग्रुपवर फोटो टाकला. साडूंचा फक्त अंगठा आला. बायको म्हणाली, आता पुरे. मी पुरे केलं नाही.

असो, तुमचा प्रश्न. बॅटर असेल तर मी पहिल्यांदा वय बघतो, बाकी सगळं नंतर. बेसबॉल-रेफरन्स या साइटवर खेळाडूच्या मायनर लीगच्या पानावर वयाच्या फरकाचा कॉलम असतो, लीगच्या सरासरी वयापेक्षा पोरगा किती लहान किंवा मोठा ते तिथे दिसतं. तो उणे तीन असेल आणि पोरगा नुसता तग धरून असेल तरी ती चांगली बातमी. दहावीच्या पोराला कॉलेजच्या टीममध्ये उतरवलं तर त्याने पन्नास काढले नाहीत म्हणून कुणी रडत नाही ना, तसंच. उलट चोवीस वर्षांचा पोरगा सिंगल-एमध्ये .३२० मारत असेल तर मला त्यात काहीही रस नाही, साडूंना असतो.

दुसरं, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट) आणि वॉकची (चार खराब बॉलवर फुकट मिळालेला फर्स्ट बेस) टक्केवारी, फॅनग्राफ्स या साइटवर मिळते. स्ट्राइकआउटचं प्रमाण साठेक प्लेट अपिअरन्समध्येच (वॉक धरून बॅटिंगला आलेल्या एकूण वेळा) बऱ्यापैकी खरं सांगायला लागतं, वॉकला दुप्पट लागतात, आणि ॲव्हरेजला एक अख्खा सीझनही पुरत नाही. आणि लेव्हल बदलली की पाटी कोरी करून बघायचं, सीझनचा एकत्र आकडा हा निव्वळ गोंधळ आहे.

निम्मलाचंच घ्या, म्हणजे पटेल. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये टोरंटोने विसावा उचलला, ३० लाख डॉलर बोनस. २०२४ ला अठराव्या वर्षी फ्लोरिडातल्या डनीडनला, सिंगल-ए. सुरुवात इतकी वाईट की मे महिन्यात टीमनेच त्याला मॅचमधून काढून कॉम्प्लेक्सवर (टीमच्या सराव केंद्रावर) नेलं, बॅटिंगवर काम करायला. इथे ग्रुपवर काय चाललं असेल याची कल्पना करा. बॉक्स स्कोअरमधून नाव गायब, इंज्युरीची बातमी नाही, म्हणजे संपला! अहो, डेव्हलपमेंट लिस्ट म्हणून एक प्रकार असतो, पोरगा ठणठणीत असतो पण टीम त्याला मॅच न खेळवता सराव करून घेते. नाव दिसलं नाही की आधी टीमचं ट्रान्झॅक्शनचं (कोण आत, कोण बाहेर याचं) पान उघडायचं, मग घाबरायचं. परत आला आणि होमरन मारत सुटला, वर्षाअखेर १७ होमरन, ॲव्हरेज मात्र दोनशे तीसच्या आसपास.

मग २०२५, व्हँकुव्हर, हाय-ए, एकोणीस वर्षं वय, लीगमधल्या बाकीच्यांपेक्षा तीनेक वर्षांनी लहान. सुरुवात दणक्यात, मग उतरला, शेवटी ॲव्हरेज परत दोनशे वीस-पंचवीस. साडूंचा मेसेज, "एक वर्ष वाया." आता नीट बघा, एक लेव्हल वर जाऊन, स्ट्राइकआउटचं प्रमाण आदल्या वर्षापेक्षा चांगलंच खाली आणून, आकडा तोच राहिला. हे वाया? वर त्या नॉर्थवेस्ट लीगमध्ये टीम फक्त सहा, सीझन १३२ मॅचचा, म्हणजे तेच तेच पिचर पुन्हा पुन्हा समोर. एकदा का त्यांना कळलं की हा वरच्या फास्टबॉलला बॅट घालतो की मग जूनपासून तोच बॉल येत राहतो. त्यात दुसऱ्या हाफला आकडे पडणं यात आश्चर्य कसलं. त्यावर तो काय उत्तर शोधतो ते बघायचं, आणि ते पुढच्या वर्षीच दिसतं.

अजून एक, लीगचा स्वभाव माहीत नसेल तर आकडे फसवतात. पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये आल्बकर्कीसारखी उंचावरची गावं आहेत, हवा विरळ, बॉल उडतो, तिथले वीस होमरन मी पंधरा समजतो. आणि कधी कधी कारण भलतंच असतं. २०२३ ला डबल-ए सदर्न लीगमध्ये पहिल्या हाफला चिकट पकडीचा प्रयोगाचा बॉल वापरला, पिचरला ग्रिप मिळाली, स्ट्राइकआउट वाढले. जॅक्सन चुरिओ तेव्हा एकोणीस वर्षांचा, बिलॉक्सीला होता, पहिल्या हाफला साधारण. बॉल परत नेहमीचा झाला आणि जुलैत पठ्ठ्याने धुमाकूळ घातला. डिसेंबरमध्ये मिलवॉकीने मेजरची एकही मॅच न खेळलेल्या या पोराला आठ वर्षांचं ८.२ कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. मेमध्ये फक्त ॲव्हरेज बघणाऱ्याने काय केलं असतं? स्क्रीनशॉट पाठवला असता.

बॉल किती जोरात मारतो ते बघायचं असेल तर बेसबॉल सॅव्हंट ही साइट, पण तिथे मायनरमधलं फक्त ट्रिपल-ए आणि फ्लोरिडा स्टेट लीगचं मिळतं. डनीडन त्या लीगमध्ये येतं म्हणून निम्मलाचे २०२४ चे आकडे आपल्याला दिसले आणि व्हँकुव्हरला गेल्यावर तो दरवाजा बंद झाला, मग व्हिडिओच बघावे लागतात. तुम्हाला भारतात एक फायदा आहे, व्हँकुव्हरची संध्याकाळी सातची मॅच तुमच्याकडे सकाळी साडेसातला, चहाच्या वेळेला. फ्लोरिडाची पहाटे चारला पडते, तिच्या नादी लागू नका, नोकरी सांभाळा. आणि टॉप १०० च्या याद्यांवर जास्त जीव लावू नका, पोरगा २० नंबर घसरला म्हणजे बऱ्याचदा वर वीस नवीन पोरं आलेली असतात, याने काही केलेलं नसतं. टीम त्याला वर चढवते का, हीच खरी बातमी. ज्यांचे पैसे लागलेत ते प्रमोशन फुकट देत नाहीत.

आता प्रामाणिकपणे सांगायला हवं की यातले बहुतेक पोरगे मेजरपर्यंत पोचत नाहीत, पहिल्या राउंडचेही बरेच मध्येच राहतात, आणि निम्मला पोचेलच असं मी लिहून देणार नाही. सारखं दोनशे वीसवर राहून कुणी शॉर्टस्टॉप होत नाही, कधीतरी हिट यावे लागतातच. व्होल्पेलाही गोल्ड ग्लव्ह (फील्डिंगचं बक्षीस) मिळाला पण मेजरमध्ये त्याची बॅट काही चमकली नाही, आणि साडूंना हे पाठ आहे, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद वाटतानाही त्यांनी मला त्याचा ऑन-बेस (बेसवर पोचण्याचा दर) ऐकवलाय. मी म्हणतो, आपला वाद २०२२ च्या एप्रिलचा होता, तो मी जिंकलोय, नवीन वाद नवीन गाडीत घालू.

पिचरचं विचारलंत ते राहिलंच. तिथे ईआरए (नऊ इनिंग्जमागे दिलेल्या रन) बघू नका, स्ट्राइकआउट टक्केवारीतून वॉक टक्केवारी वजा करा आणि शेजारी परत वय लिहा. खालच्या लेव्हलला पिचरला कधी कधी मुद्दाम त्याचा कच्चा पिच टाकायला लावतात, मार बसतो, टीमला चालतं. उलट रिंकू सिंग आठवतो का, भदोहीचा पिचर, पिट्सबर्गच्या पायरेट्सने २००८ ला घेतलेला? २०१२ ला वेस्ट व्हर्जिनियात सिंगल-एला ३९ मॅच, ७२ इनिंग्ज, ईआरए बरोबर ३.००. साडू तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले होते की पहिला भारतीय मेजरमध्ये येतोय, पिट्सबर्गची तिकिटं काढून ठेवू. मी म्हणत होतो, त्याचं वय बघा, तो त्या ऑगस्टमध्ये चोवीस पूर्ण करतोय आणि समोर एकवीस-बावीसची पोरं आहेत. ज्याने २००८ च्या आधी बेसबॉल हातात धरला नव्हता त्याच्यासाठी तो सीझन कमालच होता, ते वेगळं. पण सिंगल-एच्या वर तो गेला नाही, २०१३ ला कोपराचं ऑपरेशन झालं, आणि नंतर तो कुस्तीच्या रिंगणात गेला.